पूजेतल्या चाव्या

१

"आप्पा, फळ्यावर माझं नाव न्हाई."

बसलिंगप्पांनी मान वर केली नाही. एका म्हातारीचा अर्ज लिहून होत आला होता. "नीट वाच, शेषेराव. घाईत माणसाला सोताचं नाव बी दिसत न्हाई."

"वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. न्हाई म्हणजे न्हाई."

आता मात्र अर्जनवीस उठले. परिवहन कचेरीसमोरच्या लिंबाखाली त्यांचं टेबल होतं, एक पाय विटेवर टेकवलेलं. वय बासष्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शिक्षण निजामाच्या अमदानीतल्या उर्दू शाळेचं. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली, साहेब आले नि गेले, पण बसलिंगप्पाचं टेबल काही हललं नाही, असं लोक म्हणायचे. त्यांच्या हातचा अर्ज परत येत नाही, असंही म्हणायचे. बसलिंगप्पांना ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये?

शेषेरावचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. शेषेराव चौदा वर्षं दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता. यंदा त्यानं पै-पै साठवून स्वतःची जुनी जीप घेतली होती. लातूर ते शिरूर अनंतपाळ या मार्गावर टॅक्सीचं एकच परमिट निघालं होतं, आणि ज्याचा आवक नंबर आधी त्याला ते मिळायचं. शेषेरावचा नंबर होता त्रेचाळीस, सगळ्यांच्या आधीचा. परमिट नसलं तर जीप म्हणजे अंगणात उभा केलेला पत्रा, आणि शेषेराव पुन्हा दुसऱ्याचा ड्रायव्हर.

फळ्यावर टाइप केलेलं होतं: "लातूर–शिरूर अनंतपाळ. आवक नंबर ४३. चन्नबसप्पा, राहणार शिरूर अनंतपाळ."

"त्रेचाळीस तर माझा नंबर हाय, आप्पा! ह्यो चन्नबसप्पा कोण?"

बसलिंगप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नंबर तोच, मार्ग तोच, माणूस दुसरा. सोमवारी समितीची सही होणार, आणि सही झाली की पाच वर्षं त्या मार्गावर दुसरं परमिट नाही. आज होता शुक्रवार.

"घाबरू नको. तुझ्याकडं पोचपावती हाय न? तिच्यावर नंबर हाय, तारीख हाय, तुझं नाव हाय. ती दाखव, झगडा मिटला."

शेषेरावचं तोंड उतरलं. "पावती माझ्याकडं न्हाई. उस्तादांकडं हाय."

"मग तोंड पाडून कामून राहिलास? चल."

२

उस्ताद म्हणजे गुरुपादप्पा. जीपवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, दोन गाड्यांचा मालक, आणि बसलिंगप्पांचा चाळीस वर्षांचा दोस्त. शेषेरावला गाडी शिकवली ती त्यानंच. सगळ्या ड्रायव्हरांनी आपली कागदपत्रं अध्यक्षाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची, ही स्टँडवरची जुनी रीत. घरात उंदीर खातात, पोरं फाडतात, पेटीत कशी सुखरूप राहतात.

स्टँडवर धूळ नुसती उधळत होती. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. गाड्या धुवायला पाणी कुठलं? प्यायच्याच पाण्याचे टँकर सकाळपासून रांगेला लागलेले. गुरुपादप्पा आपल्या जीपचं बॉनेट उघडून आत डोकावून राहिला होता. इंजिनामागच्या पत्र्यावरची पितळी पट्टी, जिच्यावर गाडीचा जन्मनंबर कोरलेला असतो, ती पांढरट झालेली बसलिंगप्पांना दिसली. धूळच असंल म्हणून त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"शेषाची पावती?" गुरुपादप्पानं हात पुसले. "अरे, ती तर तूच परत नेलीस! बायकोला दाखवून आणतो म्हणालास. इसरलास का?"

शेषेराव गोंधळला. "मी... नेली, उस्ताद?"

"नेली की. म्हणलं ने बाबा, पहिल्या परमिटाची पावती, घरच्या लक्ष्मीला दाखवावीच." गुरुपादप्पाचा आवाज चढला. "पर ह्यो अन्याय हाय, बसू! माझ्या पोरावर अन्याय हाय! गुंडप्पाचाच हात असणार. परमिटासाठी त्यानं बी अर्ज केलाय. आन् कचेरीतल्या कपाटाची चावी त्या बाईकडं, पंचशीलाबाईकडं. दोघांनी मिळून कारस्थान केलं असंल."

शेषेरावच्या जीपच्या मागच्या बाजूला पेंटरानं मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'उस्तादांचा आशीर्वाद'. गाडी आली तेव्हा तिच्यापुढं नारळ फोडला तो गुरुपादप्पानंच.

शेषेराव घरी गेला आणि त्यानं घर उपसलं. डबे, गोधड्या, देव्हारा. साखराबाई, त्याची बायको, दारात उभी राहून म्हणाली, "अवं, तुमी पावती घरी आणलीच न्हाई. मी पाह्यलीच न्हाई ती."

"उस्ताद खोटं बोलतील व्हय? तूच कुठं तरी ठिवलीस!"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण एवढ्या मोठ्यानं तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. साखराबाई रडत चुलीपाशी जाऊन बसली. शनिवारी सकाळी बसलिंगप्पांनी हे ऐकलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी टेबल आवरलं, दौत-टाक कापडात बांधले आणि गुंडप्पाकडं निघाले.

३

गुंडप्पा, स्टँडवरचाच दुसरा जीपवाला, म्हणजे बारुदाची कोठी. प्रश्न पुरा व्हायच्या आत पेटला.

"मी चोर? माझा नंबर एक्कावन्न! शेषेरावची फाइल मी गायब केली असती, तर त्रेचाळीस रिकामा राह्यला असता आन् परमिट मला भेटलं असतं. भेटलं का? त्रेचाळीसवर दुसराच कुणी बसवून मला काय मिळालं, घंटा? अर्जनवीस म्हणवता, अक्कल कुठं गहाण टाकली, आप्पा?"

शिवी कडवट होती पण हिशोब बिनतोड होता. ज्यानं हे केलं त्याला फाइल नुसती पळवायची नव्हती, तिच्या जागी आपली बसवायची होती. बसलिंगप्पांनी गुंडप्पाची माफी मागितली, वर त्याचा चहा प्यायला लागला तो वेगळाच.

तिथून ते कचेरीत आले. पंचशीलाबाई आवक-जावकच्या कारकून. तिशीतल्या, कामाला चोख, बोलायला कमी. बसलिंगप्पांना बघताच त्या आवक रजिस्टर घेऊन खिडकीशी आल्या.

"तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं, आप्पा. हे बघा. नव्या जिल्ह्याचं नवं रजिस्टर अजून छापून आलेलं नाही. ही जुन्या जिल्ह्याची उरलेली वही. हिच्यात नंबर, तारीख आणि मार्ग, एवढेच रकाने. नावाचा रकानाच नाही. नाव फाइलीवर. फाइल बदलली की माणूस बदलला."

"आन् फाइल कपाटात."

"कपाटाला कुलूप, चावी माझ्या कमरेला." त्यांनी ओठ चावला. "सगळे माझ्याकडंच बघून राहिलेत. बोलत कुणी नाही, पण बघतात."

"बाई, वर्षाचे बारा महिने चावी तुमच्याकडंच होती?"

 त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकदाच नव्हती. खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, म्हणून मी दुपारीच निघाले. चाव्या, शिक्के, सगळं पूजेत मांडायचं म्हणून मागून घेतलं होतं. सरकारी चाव्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नसतात, म्हणून मी साहेबांना हे बोलले नाही. बोलले असते तर माझं एकटीचंच नाव आलं नसतं."

"कुणी मागून घेतल्या?"

पंचशीलाबाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"तुम्ही, आप्पा."

४

खरं होतं. शंभर टक्के खरं.

खंडेनवमीला ज्याची जी हत्यारं त्यानं ती पुजायची. शेतकऱ्याचा नांगर, ड्रायव्हरची गाडी, तशी कचेरीची लेखणी, शिक्के, चाव्या आणि फायली. पूजा मांडायची, दिवा लावायचा, आणि वात सरेपर्यंत कुणी तरी तिथं बसायचं. कचेरीत सगळ्यांत वडीलधारे म्हणून हा मान बसलिंगप्पांचा. नोकरीत नसूनही! साहेबसुद्धा म्हणायचे, आप्पा आहेत तर काळजी नाही.

त्या दिवशी पूजा आटोपून दुपारी सगळे घरी गेले. बसलिंगप्पा दिव्यापाशी बसले. कपाट उघडं, फायलींवर कुंकू-अक्षता. आणि मग...

मग गुरुपादप्पा आला होता. कुणा पाव्हण्याची नवी जीप पूजेला आणलीय म्हणून तीच घेऊन आला होता. म्हणाला, "बसू, सकाळपासून उपाशी बसलास. रत्नीनं पुरण घातलंय. माझ्या घरी जा, गरम-गरम जेवून ये. दिव्यापाशी मी बसतो."

बसलिंगप्पा गेले होते. चार पोळ्या खाल्ल्या होत्या, वर तूप. तासाभरानं आले तर दिवा तसाच तेवत होता आणि गुरुपादप्पा मांडी घालून डोळे मिटून बसलेला. संध्याकाळी चाव्या बसलिंगप्पांनी आपल्या घरी नेल्या, देव्हाऱ्यात ठेवल्या, आणि बाई परत आल्यावर त्यांच्या हातात दिल्या.

म्हणजे चाव्या दुसऱ्याच्या हाताखाली होत्या त्या फक्त त्या एका तासात.

"छे," ते स्वतःशीच पुटपुटले. "गुरू? न्हाई. गुरू न्हाई." चाळीस वर्षांची दोस्ती. त्यांच्या बापाच्या मयतीला खांदा दिलेला माणूस. मन काही केल्या ऐकेना.

पण बुद्धी थांबेना. ते सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, त्रेचाळीसची फाइल माझ्या डोळ्याखालून घालायची परवानगी द्या. अर्ज मी लिहिला होता. माझ्या इमानाचा सवाल हाय."

साहेबांनी पंचशीलाबाईंसमोर फाइल उघडली. टाइप केलेला अर्ज, चन्नबसप्पा नावाची सही. आवकचा शिक्का बावीस सप्टेंबरचा, म्हणजे शेषेरावनं अर्ज दिला त्याच दिवसाचा. शिक्केही पूजेतच होते म्हणा, तारखेचं चाक मागं फिरवायला कितीसा वेळ लागतो? सगळं चोख. शेवटी टाचणीनं लावलेला गाडीच्या पितळी पट्टीचा छाप.

हा छाप मालकानंच घेऊन जोडायचा असतो. पट्टीवर कागद धरायचा आणि वरून शिसपेन्सिल घासायची, की कोरलेली अक्षरं कागदावर उतरतात. इन्स्पेक्टर नंतर तो गाडीशी ताडून बघतात. शेषेरावचा छाप बसलिंगप्पांनीच स्वतःच्या हातानं घेतला होता, एक-एक आकडा कसा लख्ख.

या छापात मात्र आडवे तीन पट्टे कोरे होते. तिथली अक्षरं अर्धीमुर्धी उमटलेली, खाचा कशानं तरी बुजल्यासारख्या.

बसलिंगप्पांनी टाचणी काढली, कागद उलटा केला, मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. त्यांनी ते अंगठ्यानं चोळलं. पन्नासेक वर्षं रोज पहाटे जी वस्तू ते बोटांवर घेत आले, ती ओळखायला त्यांना डोळे लागत नव्हते. कागदावरच्या पट्ट्यांवर त्यांनी आपली तीन बोटं धरून पाहिली. बरोबर बसली.

"काय आहे, आप्पा?" साहेबांनी विचारलं.

"विभूती," बसलिंगप्पा म्हणाले. त्यांनी छाप पुन्हा फाइलीला टाचला. "मला उद्याचा एक दिवस द्या, साहेब."

५

लिंगायतांच्या गाड्या लातुरात काय थोड्या होत्या? खंडेनवमीला सगळेच गाडीला विभूती लावतात. गुंडप्पाही लावतो. पण लावतात बॉनेटवर, काचेवर, समोरून दिसेल अशी. बॉनेट उघडून आतल्या पितळी पट्टीवर कोण लावतं?

आणि मग त्यांना शुक्रवारी स्टँडवर दिसलेली ती पांढरट पट्टी आठवली.

रविवारी दुपारी गुरुपादप्पा शिरूरच्या खेपेवर गेलेला असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही, नव्हे तेवढ्यासाठीच, ते त्याच्या घरी गेले. सबंध लातुरात एवढं एकच घर होतं जिथं ते न विचारता आत जायचे.

"या भावजी!" रत्नम्मा आनंदली. गुरुपादप्पाची बायको, साठीला आलेली, हसली की तोंडभर हसायची. तिनं अर्धा तांब्या पाणी हातावर ओतलं. "रागावू नका, टँकर परवा आला तेवढाच. पण धपाटे गरम हायत, आन् शेंगदाण्याची चटणी. बसा."

ते पाटावर बसले. 

"वैनी, खंडेनवमीचं पुरण अजून जिभेवर हाय माझ्या."

"मग? तुमच्यासाठीच तूप ठिवलं होतं राखून."

"त्या दिवशी गाड्यांची पूजा बी तुम्हीच केली म्हणं?"

"मीच करती की दरवर्षी." तिनं दुसरं धपाटं वाढलं. "बाप्यांचं काय, पुढच्या पत्र्याला तीन बोटं फिरवली की झालं. ते काय गाडीचं कपाळ हाय? आत ती पितळेची पट्टी असती न, तिच्यावर गाडीचं जन्मनाव कोरलेलं असतं. ते खरं कपाळ. मी तिथं लावती. हे हसतात मला, पण आजवर एक अपघात झाला का? सांगा!"

"न्हाई झाला," बसलिंगप्पा म्हणाले. हात ताटातच थांबला होता. "यंदा दोनच गाड्या होत्या?"

"तीन! आमच्या चन्नूची नवी गाडी. माझा धाकटा भाऊ वो, शिरूरचा. तुम्ही न्हाई पाह्यलं त्याला, चन्नबसप्पा. गाडी हेच फिरवणार, नाव तेवढं त्याचं."

"गाडी आली तवा बी पूजा केली असंल तुम्ही."

"कुठली! गाडी आली भादव्यात, आन् मी धर्माबादला, लेकीच्या बाळंतपणाला. ह्यांनी नारळ फोडला नुसता. माझा हात तिला लागला तो खंडेनवमीच्या सकाळीच. पहिल्यांदा." ती थांबली. "तुम्ही खाऊन कामून नाही राहिले? चटणी तिखट झाली का?"

"न्हाई वैनी. चटणी फस्क्लास झाली."

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. अन्न टाकून उठायची सवय नव्हती. पण त्या दिवशीचं जेवण त्यांच्या अंगाला लागलं नाही.

६

गुरुपादप्पा चारच्या सुमाराला खेपेवरून परतला. स्टँडच्या टोकाला, बंद पडलेल्या डाळ मिलच्या भिंतीच्या सावलीत दोघं उभे राहिले.

"अर्ज घ्यायची शेवटची तारीख तीस सप्टेंबर," बसलिंगप्पा म्हणाले. "चन्नूच्या गाडीच्या पट्टीला वैनीची विभूती लागली ती ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. छापात ती विभूती हाय. मग तीस सप्टेंबरच्या आत दिलेल्या अर्जात ती आली कुठून, गुरू?"

गुरुपादप्पा हसला. "राख म्हणजे सबूत व्हय रे?"

"ऐक तर. पंचशीलाबाईंना करायचं असतं तर चावी रोज कमरेला, खंडेनवमीची वाट कामून बघावी? गुंडप्पाला करायचं असतं तर त्रेचाळीस मोकळा सोडला असता. खंडेनवमीच्या सकाळनंतर विभूती, आन् खंडेनवमीच्या दुपारी तासभर चाव्या. त्या तासाला दिव्यापाशी एकच माणूस होता. अर्ज तू टाइप करून आणला होतास. शेषेरावची फाइल उघडलीस तवा दिसलं की छाप बी लागतो. गाडी फाटकात उभीच होती. पळत गेलास, पेन्सिल घासलीस. पट्टी पुसायचं सुधरलं न्हाई तुला."

हसू मावळलं. गुरुपादप्पानं तोंड रस्त्याकडं फिरवलं.

"चौदा वर्षं तो माझ्या गाडीवर बसला, बसू. उस्ताद-उस्ताद करत दार उघडायचा. आता स्टँडवर माझ्याच रांगेत नंबर लावणार? माझ्या पुढं? शिरूरची लाइन मी उभी केली. लोक म्हणले असते, गुरुपादप्पाचा ड्रायव्हर बघा, मालक झाला."

"मग नारळ कामून फोडलास त्याच्या गाडीपुढं?"

"न फोडून सांगतो कुणाला?"

बसलिंगप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा त्यांना संताप आला. "त्या पोरानं तुझ्या शब्दावर बायकोला चोर ठरवलं रे! पावती तूच दाबलीस. आन् मी? मला जेवायला धाडलंस! उपाशी हायस म्हणालास! माझ्या भुकेचा फायदा घेतलास तू, गुरू. दुष्मनानं केलं असतं तर मी उद्या इसरलो असतो."

"उद्या तू काय बी सांगणार न्हाईस," गुरुपादप्पा थंडपणे म्हणाला. "सरकारी चाव्या सोडून जेवायला कोण गेलं? तू. तुझी अर्जनविशीची सनद जाईल. लिंबाखालचं टेबल जाईल. छापाचं म्हणशील तर मी म्हणेन, विभूती मागाहून लागली."

"अस्सल फाइल भेटली तर?"

"ती कशाला भेटती?"

"कारण तू ती फाडली न्हाईस." बसलिंगप्पा एक पाऊल पुढं आले. "तिच्यावर पूजेचं कुंकू पडलं होतं. तू शेषेरावला फसवशील, मला फसवशील, पण पूजेतला कागद फाडायची तुझी छाती न्हाई. मी ओळखतो तुला. कुठं तरी देवाजवळच ठिवली असशील."

गुरुपादप्पाचा चेहरा पांढरा पडला. मग तो जीपमध्ये चढला आणि म्हणाला, "उद्यापर्यंत ती चुलीत गेलेली असंल."

गाडी घराच्या दिशेनं सुटली. पायी चालत जाणारा म्हातारा तिला कुठं गाठणार?

७

सोमवारी सकाळी समितीसमोर बसलिंगप्पा उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "चाव्या माझ्या हातून गेल्या. गुन्हा माझ्यापासून धरा." मग त्यांनी सगळं सांगितलं. गुरुपादप्पा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शेजारी शेषेराव, आणि तो एकेका वाक्यागणिक उस्तादांकडं बघत होता, आता तरी हे न्हाई म्हणतील, आता म्हणतील, अशा आशेनं.

"तर्क चांगला आहे," समितीचे एक सदस्य म्हणाले. "पण हा तर्कच झाला. शेषेरावची मूळ फाइल कुठे आहे?"

बसलिंगप्पांनी गुरुपादप्पाकडं बघितलं. साहेबांनी पेन उचललं.

तेवढ्यात पंचशीलाबाई दारात आल्या. त्यांच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेली रत्नम्मा होती. तिनं कुणाकडंही न बघता एक पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं टेबलावर ठेवलं. आत फाइल होती. कोपऱ्यावर कुंकू, आवक नंबर ४३, बावीस सप्टेंबरचा शिक्का, बसलिंगप्पांच्या हातचं वळणदार अक्षर: शेषेराव. आणि तिच्यात घडी करून ठेवलेली ती पोचपावती.

"काल भावजी जेवून गेले, हे खेपेवर होते तवाच देवघर झाडलं," ती म्हणाली. "पाटाखाली होतं. मी उचलून पिठाच्या डब्यात ठिवलं. रातभर हे हुडकत होते." एवढं बोलून ती बाहेर गेली.

गुरुपादप्पा खाली मान घालून उभा राहिला.  शेषेराव त्याच्यापासून दोन हात बाजूला सरकला.

परमिट शेषेरावला मिळालं. गुरुपादप्पावर गुन्हा नोंदवायचं ठरलं, मंडळानं त्याच दुपारी त्याला काढून टाकलं. पंचशीलाबाईंना लेखी समज मिळाली. त्या म्हणाल्या, पुढल्या खंडेनवमीला चाव्या पूजेत ठेवा, पण दिव्यापाशी मी बसेन. बसलिंगप्पांची सनद सहा महिने बंद झाली.

बाहेर शेषेराव परमिटाचा कागद दोन्ही हातांनी धरून आपल्या जीपच्या मागं उभा होता. 'उस्तादांचा आशीर्वाद' वाचत.

"खरडून काढ ते," बसलिंगप्पा म्हणाले.

"काढतो, आप्पा. आधी घरी जातो. साखरीच्या पाया पडायचं हाय मला." आणि हा चौदा वर्षांचा ड्रायव्हर, ज्याच्या डोळ्यांतून काल-परवा टिपूस आला नव्हता, तो गाडीत चढून स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मग तोंड पुसून त्यानं गाडी सुरू केली.

बसलिंगप्पा आपलं टेबल आवरायला लिंबाखाली आले. तिथल्या दगडावर रत्नम्मा बसली होती. त्यांची वाट बघत.

"वैनी," ते म्हणाले, "तुमचे उपकार..."

"एक विचारायचंय, भावजी." तिचा आवाज अगदी साधा होता. "काल गाडीच्या पूजेचं विचारत होता, तवा तुम्हाला ठाऊक होतं? कशाला विचारून राहिलात ते?"

खोटं बोलता आलं असतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेल्या माणसाला शब्द काय कमी होते? पण ते म्हणाले, "हाव. ठाऊक होतं."

रत्नम्मानं मान हलवली. पदर सावरला, उठली, आणि चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "मी सांगितलंच असतं, भावजी. खरं ते सांगितलंच असतं. पण निदान ताटावरून उठल्यावर तरी विचारायचं होतं."